फुटपाथ नसलेल्या गावात पोकेमॉन कसे पकडावेत

साहित्य: जीपीएस असलेला फोन, दिवसभर पुरेल एवढा डेटा, पॉवर बँक आणि मान. मानेचं नाव कुठल्याच अधिकृत सूचनेत नसतं, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात आधी तीच तक्रार करते. चप्पल चालेल, बूट बरे. या खेळात मधूनच पळावं लागतं, आणि आपल्याकडे पळताना पायाखाली काय येईल याचा नेम नसतो.

कृती: ‘पोकेमॉन गो’ उतरवून घ्या आणि घराबाहेर पडा. पडद्यावर तुमच्याच रस्त्याचा नकाशा दिसेल आणि त्यावर तुमच्या वतीनं उभा असलेला एक छोटा माणूस. तुम्ही चाललात की तो चालतो. चालता चालता एखादा प्राणी उगवतो. त्याच्यावर टिचकी मारली की तो मोठा होऊन समोर येतो, मग खालचा चेंडू बोटानं त्याच्याकडे भिरकवायचा. आत गेला की तुमचा. हे आठ वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत जमतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांना तेच मूल शिकवतं. तेव्हा त्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

शिकायचं असतं ते चालायला. हा खेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या निअँटिक कंपनीत तयार झाला आणि करणाऱ्यांनी एक गोष्ट न सांगता धरून टाकली, ती म्हणजे रस्त्याच्या कडेला माणसांसाठी जागा असते. पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत खेळायचं तर ही जागा आधी शोधावी लागते. पोकेमॉन त्यानंतर.

थोडा इतिहास, घरच्यांनी विचारलं तर असावा म्हणून

निअँटिक हे १८४९च्या सोन्याच्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोला येऊन लागलेल्या एका जुन्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजाचं नाव. कंपनी उभी करणारे जॉन हँकी आधी कीहोल नावाच्या नकाशा-कंपनीत होते. गूगलनं २००४मध्ये ती विकत घेतली आणि तिच्यातूनच गूगल अर्थ निघालं. म्हणजे हा माणूस मुळात नकाशावाला, प्राणी नंतर आले. २०१२मध्ये त्यांनी ‘इन्ग्रेस’ नावाचा खेळ काढला. त्यात हिरवा आणि निळा असे दोन पक्ष गावातली खरीखुरी ठिकाणं एकमेकांकडून हिसकावून घेत. यातली पुष्कळशी ठिकाणं खेळाडूंनीच फोटो काढून पाठवलेली. पुढे ६ जुलै २०१६ला पोकेमॉन गो आला, तेव्हा तीच यादी त्याच्या पायात घातली गेली. ज्या जागी चेंडू मिळतात ते पोकेस्टॉप आणि जिथे लढाई होते ती जिम, बहुतेक सगळी इन्ग्रेसवाल्यांची पुण्याई.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडचे पोकेस्टॉप असे का आहेत, ते यातून कळतं. त्या काळात फोन घेऊन हिंडणाऱ्या थोड्याशा इन्ग्रेसवाल्यांना आपल्या गावात फोटो काढण्याजोगं काय दिसलं? देऊळ, पुतळा, कारंजं, उद्घाटनाची संगमरवरी पाटी. म्हणून जुन्या पेठांत पावलोपावली पोकेस्टॉप, आणि नव्या वस्तीत दोन किलोमीटर चालून एक शनिमंदिर. खेड्यात तर तेही नसण्याची शक्यता जास्त, कारण तिथे २०१३ साली इन्ग्रेस खेळणारा कोणी नव्हता. शेतातली विहीर कितीही सुंदर असो, तिचा फोटो पाठवायला कोणीतरी असावं लागतं.

भारतात हा खेळ अधिकृतपणे यायला १४ डिसेंबर २०१६ उजाडलं. रिलायन्स जिओशी करार होऊन त्यांची दुकानं पोकेस्टॉप आणि जिम झाली. उत्साही मंडळींनी मात्र जुलैतच कुठून तरी फाईल मिळवून फोनमध्ये घातली होती. डिसेंबर २०१६ म्हणजे नोटबंदीनंतरचा महिना. सगळा देश एटीएमच्या रांगेत हळूहळू पुढे सरकत होता, हातात फोन होता, वेळ होता. कुठल्याही खेळाला भारतात येण्यासाठी यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता.

पहिला पोकेमॉन

सुरुवातीला बल्बसोर, चार्मँडर आणि स्क्विर्टल असे तिघे समोर येतात आणि एक निवडा म्हणतात. निवडू नका. सरळ पुढे चालू लागा. ते मागे येतील. पुन्हा दुर्लक्ष करा. असं तीन-चारदा झालं की चौथा म्हणून पिकाचू येतो. २००३मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन लागायला लागलं तेव्हा शाळेतून पळत घरी येणारी जी पिढी होती, तिला एवढं सांगितलं की पुरे. तिचं आता गुडघेदुखी सुरू होण्याचं वय जवळ आलंय, आणि या खेळाचा कणाही तीच आहे. मुलासाठी डाउनलोड केला असं ती सांगते. मुलाला विचारून पाहा.

कॅमेऱ्यातून पोकेमॉन खऱ्या रस्त्यावर उभा दिसतो, त्याचं फार कौतुक ऐकलं असेल. ती सोय बंद करा. बॅटरी खाते आणि नेमही चुकतो. ज्या तंत्रज्ञानाच्या नावानं हा खेळ जगभर गाजला, ते मुरलेला खेळाडू पहिल्याच दिवशी बंद करतो आणि फक्त आपल्या घरचं मांजर पोकेमॉनशेजारी बसलं असेल तेव्हा फोटोपुरतं चालू करतो.

नंतर संघ निवडावा लागतो. निळा, लाल किंवा पिवळा. भगवा आणि हिरवा हे पर्याय नाहीत, म्हणून खेळ आपल्याकडे शांततेत चालू आहे.

चालण्याबद्दल

खेळात अंडी मिळतात. कुठलं २ किलोमीटरचं, कुठलं ५चं, कुठलं १०चं. तेवढं अंतर चाललात की ते फुटतं. वाहनात बसून फसवता येऊ नये म्हणून ताशी साधारण १० किलोमीटरच्या वर गेलात की अंतर मोजलं जात नाही. कॅलिफोर्नियात ही अट कडक असेल. संध्याकाळी साडेसहाला पुण्याच्या विद्यापीठ चौकातून रिक्षानं निघून पाहा. औंधला पोचेपर्यंत दोन किलोमीटरचं अंडं आरामात फुटतं, आणि नियमाचा भंग कुठेही होत नाही.

वेग खरोखरच वाढला तर पडद्यावर सूचना येते आणि खाली एक बटण असतं, मी प्रवासी आहे असं कबूल करण्याचं. स्कूटर चालवणाऱ्यानं हे बटण दाबू नये. दाबतात. एका हातात फोन धरून स्कूटर चालवणारा माणूस दिसला तर तो आईशी बोलतोय की पोकेमॉनशी, हे ठरवायला न थांबता बाजूला व्हा. मार्गदर्शिका विनोदी असली तरी हे वाक्य विनोदी नाही.

फुटपाथवर चालणं हा या खेळातला वरच्या इयत्तेचा भाग. फुटपाथ असला तर त्यावर आधी लावलेल्या दुचाक्या, मग भाजीची गाडी, मग महावितरणचा डीपी, मग झाड, आणि झाडाभोवतीचा पार. प्रत्येकाला वळसा घालताना रस्त्यावर उतरावं लागतं. तेवढ्या सेकंदांत फोन खिशात हवा. उतरताना खाली बघा, चढल्यावर पोकेमॉन. जंगली महाराज रस्त्यासारखे रुंद फुटपाथ मिळाले तर तिथे सराव करावा, पण त्याची सवय लावून घेऊ नये. घराजवळच्या गल्लीत परतल्यावर जड जातं.

पुणेकरांची खरी पायवाट टेकडी. २०१८च्या अखेरीपासून सोय अशी की खेळ बंद असला तरी फोन पावलं मोजत राहतो. तेव्हा वेताळ टेकडीवर पहाटे जाणाऱ्या आजोबांच्या खिशात आपला फोन ठेवून द्यावा. आजोबा तीन फेऱ्या मारतात, अंडं घरी येऊन फुटतं, आणि आजोबांना त्यातला पोकेमॉन दाखवला की ते त्याच्याकडे नवजात बाळाकडे पाहावं तसं पाहतात: कोणासारखं दिसतं म्हणायचं, हे न सुचून. उंच इमारतीत राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. भिंतींवर आपटून जीपीएसचा संदेश भरकटतो आणि फोन टेबलावर पडलेला असताना तुमचा छोटा माणूस आपोआप कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. याला व्यायाम म्हणू नये. डॉक्टरांना तर सांगूच नये.

कुठे उभं राहावं, आणि विचारलं तर काय सांगावं

चालणारा माणूस संशयास्पद नसतो. थांबलेला असतो. बंगल्याच्या फाटकासमोर थांबून फोनकडे बघत बोट वर ढकलणाऱ्याकडे वॉचमन आधी बघतो, मग खुर्ची सरकवतो, मग येतो. त्याला पोकेमॉन समजावून सांगू नका. “रेंज येत नाही हो इकडे,” एवढं म्हणा. आपल्या देशात या वाक्यावर अविश्वास दाखवणारा माणूस अजून जन्मायचाय. वॉचमन उलट पुढे होऊन कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते दाखवेल. त्या कोपऱ्यात जिम असली तर सोन्याहून पिवळं.

उभं राहायला सर्वात सुरक्षित जागा बसथांबा. तिथे तासभर फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाबद्दल लोकांना फक्त सहानुभूती वाटते.

देवळाजवळ खेळताना बाहेरच राहा. पोकेस्टॉप हातात येण्याचं अंतर ८० मीटर आहे. आधी ते निम्मं होतं. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, दुप्पट केलं. २०२१मध्ये कंपनीनं काही देशांत ते पुन्हा कमी करून पाहिलं, पण खेळाडूंनी एवढा गलका केला की मुकाट्यानं परत वाढवावं लागलं. त्यामुळे चपला काढायचा, त्या शोधायचा प्रश्न येत नाही. शिवाय पोकेस्टॉपवर अंडी मिळतात, हे विसरू नका. २०१६मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली होती. प्रार्थनास्थळांच्या जागी अंडी दिसल्यानं भावना दुखावतात, असं तीत म्हटलं होतं आणि न्यायालयानं नोटीसही काढली होती. अंडं पडद्यावरचं होतं, त्यातून निघणारा जीव जपानी होता आणि तो शाकाहारी की मांसाहारी हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी आपण पोकेस्टॉपची चकती रस्त्याच्या पलीकडूनच बोटानं फिरवावी. अंडं तेच मिळतं.

लष्करी भिंतींजवळ खेळू नका. खडकी, देवळाली, पुणे कँटोन्मेंट, कुठेही. तिथल्या जवानाला रेंजचं कारण चालत नाही. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर आणि स्मशानात तर नाहीच. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय आणि आर्लिंग्टनची दफनभूमी यांना २०१६मध्ये लोकांना हात जोडून सांगावं लागलं होतं की इथे नको. हिरोशिमाच्या शांती उद्यानालाही. सांगावं लागू नये अशा गोष्टी जगात सगळीकडे सांगाव्याच लागतात, यात आपण एकटे नाही.

गर्दीची मात्र काळजी करू नका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक व्हेपोरिऑन आला म्हणून रात्री शेकडो माणसं गाड्या सोडून धावली, तैपेईतल्या बेटोऊमध्ये एका स्नॉरलॅक्सनं अख्खा रस्ता अडवला, आणि लॉस एंजेलिसमध्ये तर दोन पोलिसांनी दरोड्याची वर्दी सोडून स्नॉरलॅक्सचा पाठलाग केला आणि नोकरी घालवून बसले. याच्या बातम्या जगभर झाल्या. आपल्याकडे चौकात तीनशे माणसं एकदम थांबली तर कोणी मागे वळूनही बघणार नाही. फार तर मिरवणूक कुठल्या मंडळाची, एवढं विचारतील.

हवामान आणि प्रदेश

डिसेंबर २०१७पासून बाहेर जे हवामान असतं तेच खेळात असतं. ऊन असलं तर आगीचे, गवताचे आणि मातीचे पोकेमॉन जास्त, पावसात पाण्याचे, विजेचे आणि किड्यांचे. यामुळे कोकणातल्या खेळाडूला जून ते सप्टेंबर दुसरं काही बघायलाच मिळत नाही. पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल्या पडद्यावर बोट टेकवलं की चेंडू भलतीकडे जातो, आणि छत्री धरलेला हात तर कुठेच जात नाही.

पावसाळ्यात मॅजिकार्प जमवा. हा एक निरुपयोगी, तडफडणारा मासा आहे. त्याचा ग्याराडोस नावाचा अक्राळविक्राळ राक्षस करायचा तर ४०० कँडी लागतात. एक पकडला की ३ मिळतात, तो खेळाला परत दिला की आणखी १. म्हणजे शंभराच्या आसपास मासे. पाण्याचे पोकेमॉन पाण्याकाठी जास्त येतात, आणि नकाशावर निळी रेघ असली की ते पाणी, असा खेळाचा भाबडा समज आहे. त्यामुळे पुण्यात मुठेकाठीही ते येतात. पुलाच्या कठड्यापाशी थांबूनच पकडावेत. जवळ जायची गरज नसते, आणि वासामुळे इच्छाही होत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की भिडे पुलाकडे फिरकू नये, मॅजिकार्प कितीही दिसोत. त्या दिवशी निळी रेघ खरी असते.

काही पोकेमॉन फक्त ठरावीक देशांतच मिळतात. ऑस्ट्रेलियाला कांगासखान दिला, युरोपला मिस्टर माइम, उत्तर अमेरिकेला टॉरोस. भारताच्या आणि आसपासच्या देशांच्या वाट्याला टोरकोल आला. पाठीत कोळसा जाळणारं आणि नाकातून धूर सोडणारं कासव. आपल्यालाच का, असा प्रश्न डिसेंबरात दिल्लीला जाऊन आलेला माणूस विचारत नाही. पण हे कासव परदेशी खेळाडूंना हवं असतं. मेव्हणा अमेरिकेहून येणार असेल तर दोन-चार राखून ठेवा. समोरासमोर बसून अदलाबदल करता येते, आणि बोलायला विषयही मिळतो.

महिन्यातून एकदा कम्युनिटी डे असतो. त्या दिवशी एकच पोकेमॉन ठिकठिकाणी उगवतो आणि त्याचे चकाकणारे प्रकार मिळण्याची शक्यता वाढते. वेळ हल्ली बहुधा दुपारी दोन ते पाच. मे महिन्यात दुपारी दोन वाजता घराबाहेर पडायला सांगणारा माणूस आपल्याकडे शत्रू समजला जातो. महापालिकेच्या बागा त्या वेळेत कुलूपबंद, दुकानदार जेवून आडवे झालेले, आणि बागेच्या कठड्यापलीकडे मात्र पोकेमॉनांचा थवा. कठड्याबाहेरून जितके हाती लागतील तितके घ्या. कठडा चढू नका. आतला माळी उठतो.

पैसे आणि लबाडी

जिम जिंकून तिथे आपला पोकेमॉन बसवला की नाणी मिळतात, दिवसाला जास्तीत जास्त ५०. याहून जास्त हवी असतील तर खरे पैसे मोजावे लागतात. मोजू नका, किमान पहिल्या महिन्यात. लोक ते करतात आणि मग घरी रिचार्जच्या नावाखाली दाखवतात.

फोनला खोटं स्थान सांगून घरबसल्या टोकियोत खेळणारेही असतात. पकडले गेले की आधी ताकीद, मग काही दिवस बंदी, मग खातंच बंद. मला यात नैतिक दोषापेक्षा आळस जास्त दिसतो. टोकियोतल्या सरळ फुटपाथवर पोकेमॉन पकडण्यात कसलं आलंय कौशल्य?

याच कंपनीच्या किंवा या जातीच्या दुसऱ्या खेळात जीव गुंतवू नका. हॅरी पॉटरचा २०१९मध्ये आला आणि जानेवारी २०२२मध्ये बंद झाला. माइनक्राफ्टचा तर २०२१मध्येच गेला. पोकेमॉन टिकला, आणि २०२५मध्ये निअँटिकनं तो आपल्या इतर काही खेळांसकट साडेतीन अब्ज डॉलरना स्कोपली कंपनीला विकला. हँकी नकाशे घेऊन वेगळे झाले. त्याआधी २०२४मध्ये कंपनीनं जाहीर केलं होतं की खेळाडूंनी फोन फिरवून केलेल्या चित्रणातून ती जगाचं मोठं अवकाशीय मॉडेल घडवते आहे. म्हणजे पुतळ्याभोवती गोल फिरून चित्रण करा, बक्षीस मिळेल, असं खेळ सांगतो, तेव्हा काम कोणाचं चाललंय ते लक्षात असू द्या. मी स्वतः पुतळ्याला प्रदक्षिणा घालत नाही. ज्यांना घालायची त्यांनी खुशाल घालावी, फक्त आधी पुतळा कोणाचा आणि आज त्यांची जयंती तर नाही ना, ते पाहावं.

आपल्या भागात पोकेस्टॉप कसा आणावा

पुरेशी वरची पातळी गाठली की नवं ठिकाण सुचवता येतं. फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या, आणि इतर खेळाडू त्यावर मत देतात. खाजगी घर चालत नाही, शाळा चालत नाही. वाचनालय चालतं, तालीम चालते, जुनी वेस चालते, बागेतला शिल्पाचा हत्ती चालतो. सोसायटीच्या अध्यक्षांच्या नावाचा बाक बहुधा नाकारला जातो. ही बातमी त्यांना तुम्ही सांगू नका.

काहींना एवढा धीर नसतो. खेळाचा नकाशा २०१७पासून ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला आहे, आणि हा नकाशा कोणीही सुधारू शकतं. बागेत पोकेमॉन जास्त येतात हे कळल्यावर जगभरातल्या हुशार खेळाडूंनी आपापल्या घराभोवती नकाशात बागा काढल्या, पायवाटा आखल्या, परसात तळी खोदली. नकाशा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना त्या शोधून पुसत बसावं लागलं. तुम्ही हे करू नका. आपल्याकडे इमारतीभोवती नसलेली बाग, नसलेलं तळं आणि नसलेला जॉगिंग ट्रॅक काढण्याचं काम बिल्डर माहितीपत्रकात करतोच, तेही रंगीत, आणि ते पुसायला कोणी स्वयंसेवक येत नाहीत. फ्लॅट बघायला गेलात की विक्री विभागातला मुलगा खिडकीतून हात लांब करून बाग कुठे होणार ते दाखवतो. त्या वेळी फोन उघडून बघून घ्या. पडद्यावर एकही पोकेमॉन नसेल तर बुकिंगची रक्कम कमी करून मागा.